डाव्या बाजूचं पुढचं चाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती माझ्या पोटातलं काढून घेण्यात पटाईत आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही, आमच्या वहिनीच्या हातचा चहा पिणार नाही. जे पितात, त्यांना सांगायची माझी छाती नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, वैशाली. कोल्हापुरात आम्ही दोघे भाऊ आणि आई एकाच घरात राहतो. गाडी एकच, दादानं घेतलेली. पण दादाला चालवायचा कंटाळा, म्हणून ती कायम माझ्या हातात. गाडीतलं कळतं ते फक्त मला, असं घरात ठरूनच गेलं होतं. मलाही ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? लग्नाला जायचं असो नाहीतर दवाखान्यात, सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे.

मग वहिनी गाडी शिकली. क्लास लावून, लायसन काढून, रीतसर. बरी चालवायची. बरी कसली — चांगलीच चालवायची. दसऱ्याला आईला घेऊन नृसिंहवाडीला जाते म्हणाली, आणि दादानं माझ्यादेखत किल्ली तिच्या हातात दिली. मी हसलो. आतून मात्र जळलो.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशीची गाडीची पूजा माझ्याकडे असते. धुतली, पुसली, झेंडूचा हार घातला. चाकांना हळदकुंकू लावायला उकिडवा बसलो आणि दिसलं — डाव्या बाजूचं पुढचं चाक बसलंय. टायर खाली पसरलेला. त्याच्या आदल्या दिवशी चालवतानाही स्टेअरिंग जड लागलं होतं, गाडी डावीकडे ओढत होती. म्हणजे हवा बरीच कमी. मी त्याही चाकाला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. पूजलेली गाडी दसऱ्याच्या सकाळपर्यंत जागची हलवायची नाही, असा आईचा दंडक आहे. म्हटलं, सकाळी पंपावर नेऊन हवा भरून आणू.

सकाळी विसरलो — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो.

विसरलो नव्हतो. दारात चहा पीत बसलो होतो आणि ते चाक माझ्या समोर होतं. आई मागं बसली. वहिनीनं काच खाली घेतली आणि विचारलं, “भावजी, गाडी बरी हाय न्हवं?”

“टकाटक हाय की. कालच पूजली न्हवं का!”

का म्हणालो असं? एवढंच तर सांगायचं होतं — पंपावर थांबून जरा हवा बघून घ्या. अगदी ओठांवर आलं होतं. पण मला वाटलं — हे लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो — मला वाटलं, लागू दे जरा जड. ओढू दे. हात भरून आले की संध्याकाळी येऊन म्हणेल, भावजी, ही गाडी तुम्हीच चालवा. कुणाला इजा व्हावी असं मनात नव्हतं. पण हवा कमी असली की काय होतं, हे त्या घरात मला एकट्यालाच माहीत होतं ना? सरळ रस्त्यावर नुसतं जड लागतं. वळणावर टायर आडवा दबतो, गाडी उशिरा वळते, आणि वेग असेल तर टायर रिंगवरून निसटूही शकतो. सगळं माहीत होतं, आणि मी बशीत चहा ओतत होतो.

शिरोळच्या अलीकडे, उजवीकडच्या वळणावर, गाडी वळलीच नाही. सरळ चर ओलांडून उसात घुसली. वहिनीला खरचटलं. आईचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण आई आजही वॉकर धरून चालते.

दवाखान्यात वहिनी रडत रडत एकच सांगत होती. “भावजी, मी वळवली हो. गाडीच डावीकडं ओढत हुती.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गाडीतलं कळतं ना मला! त्याच डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचा टायर रिंगवरून निघाला होता, पण तो चरीत आपटून निघाला, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मी जवळ जाऊन, मायेनं — हो, मायेनंच — म्हणालो, “नव्या माणसाला तसंच वाटतंय, वहिनी. घाबरलं की हात उलटा जातोय.”

ती रडायची थांबली. तिला ते पटलं.

दादानं तिला टोमणे मारले. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच होतं, असं पैपाहुणे तिच्यासमोर म्हणाले. आई एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच वहिनीला जास्त लागलं. त्यानंतर तिनं स्टेअरिंगला हात लावला नाही. मंडईत जायचं तरी रिक्षा शोधते, नाहीतर मलाच विचारते, सोडताय का म्हणून. आईचं न्हाणं, उठवणं-बसवणं सगळं तीच करते, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. कुणी आईच्या पायाचं विचारलं तर आपण होऊन सांगते, “माझ्या हातनं झालं.” मी तेवढ्यात उठून आत जातो.

गेल्या खंडेनवमीला पूजेआधी चारी चाकांत हवा भरून आणली. आता दरवर्षी भरतो. हार घातला, तोवर वहिनी ताम्हण घेऊन आली. तीन चाकांना तिनं उभ्या उभ्या वाकून कुंकू लावलं. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी मात्र खाली बसली. हळद लावली, कुंकू लावलं, एक फूल वाहिलं. मग हात जोडून हळूच त्या चाकाला म्हणाली, “चुकलंमाकलं पोटात घाल.”

मी शेजारी नारळ घेऊन उभा होतो. तिनं पदरानं डोळे पुसले आणि वर बघून म्हणाली, “फोडा, भावजी.”

मी फोडला.