पडद्यामागची शाल

निर्णा गावच्या शोभाबाई पस्तीस वर्षं संगीत नाटकांतून गायल्या, कन्नड आणि मराठी दोन्ही. आवाज भारदस्त, म्हणून राजाचं काम हटकून त्यांच्याकडे यायचं. कंपनी बंद पडल्यावर त्या गावी परतल्या आणि रोज सकाळी अंगणात मुलींना गाणं शिकवू लागल्या.

यंदा शेजारच्या मन्नाएखेळ्ळी गावच्या रसिकांनी त्यांचा सत्कार ठरवला. शोभाबाई काही केल्या तयार होईनात. शेवटी त्यांची पहिली शिष्या ज्योत्स्ना समजूत काढायला आली. ती आता कलबुर्गीत संगीत शिकवते.

"कामून नको म्हणायलाव, अक्का?"

"गळा गेला की आता. नुसतं खुर्चीत बसून तारीफ ऐकायची, ते मला जमत न्हाई."

बऱ्याच वेळानं त्यांनीच तोड काढली. मुलींना नाटकातला एक प्रवेश करू देणार असतील, तरच त्या येणार होत्या. मंडळींनी आनंदानं मान्य केलं.

सत्काराच्या संध्याकाळी पटांगण भरून गेलं. अध्यक्ष त्यांच्या एकेका भूमिकेचं वर्णन करत होते, पण शोभाबाईंचं लक्ष विंगेत होतं. राजाचा वेश चढवलेली स्नेहा तिथून घाबरून सारखी गर्दीकडे डोकावत होती. चौदा वर्षांची पोर, पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहणार होती. शोभाबाई भाषण चालू असतानाच उठल्या आणि आत गेल्या. अध्यक्ष शाल हातात धरून बघतच राहिले.

आत त्यांनी स्नेहाला कोमट पाणी पाजलं, पाठीवर हात ठेवला. भीती त्यांनाही वाटायची, दर खेळाला, असं त्यांनी तिला सांगितलं. स्नेहानं विचारलं, "मग तुम्ही काय करायचाव?"

"पयला सूर लावायची. पुढचं आपोआप व्हतंय."

पडदा उघडला. स्नेहाचा पहिला सूर जरा कापरा लागला, दुसऱ्या ओळीला मात्र ठाम झाला. शोभाबाई पडद्याआड मांडीवर ताल धरून बसल्या होत्या. ज्योत्स्नानं अध्यक्षांना हळूच आत आणलं आणि गाणं चालू असतानाच त्यांनी शाल शोभाबाईंच्या खांद्यावर घातली. शोभाबाईंनी मान लववली, पण ताल सोडला नाही.

टाळ्या थांबेनात. धावत आलेल्या स्नेहाला जवळ घेत त्या म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीला दम चुकीच्या जागी घेतलीस. उद्या सकाळी लवकर ये."

मग मुलींना घेऊन त्या समाधानानं जेवायला बसल्या. भाषण अर्धंच राहिलं, याची आठवण कुणालाच झाली नाही.