तांबडीचा कान

नवऱ्याचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही. आता माणूसच राहिला नाही, तर घेते. उखर्डू. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हे जन्मले तसं सासूने यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं. असलं टाकाऊ पोर मरणसुद्धा उचलणार नाही म्हणे. मरणाने नाही उचललं, पण सासूच्या मनातली भीती यांच्या हाडात शिरली ती शिरलीच. पाल चुकचुकली तरी दचकायचे. जंगलखात्याचा शिपाई लांबून दिसला की बोबडी वळायची. आणि असल्या माणसाच्या कपाळी धंदा काय लिहावा, तर सातपुड्याच्या पायथ्याशी गावाची गुरं चारायची! देवालाही थट्टा सुचते बघा.

आमचं गाव चोपड्याच्या वर, शेतं संपून डोंगर लागतो तिथे. सकाळी हे हाळी द्यायचे, दारोदारची गुरं सुटून गावाबाहेर गोठणीवर जमायची, आणि दीडशे जनावरं हाकत हे रानात जायचे. त्याबदल्यात पाळीपाळीने घरोघरची भाकरी, सुगीला खळ्यावरचं धान्य. मी घरी गोवऱ्या थापायची आणि यांना बोलायची. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. "तुमच्यापेक्षा तुमची काठी बरी, ती तरी सरळ उभी राहते," असं चारचौघींत म्हणायची मी. हे नुसते हसायचे.

गावात एक नियम होता. वाघाने जनावर नेलं तर गुराख्याला दोष नाही, पण त्याने त्या जनावराचा कान कापून आणायचा. दर घरच्या गुरांच्या कानाला वेगळी खाच असायची, त्यावरून ओळख पटे. गळ्यातली घंटा चालत नसे, कारण घंटा सोडून गाय विकता येते. कान नसलेली गाय कोण विकत घेईल? मागे एका गुराख्याने दोन गायी डोंगरापल्याड विकल्या आणि वाघाच्या नावावर घातल्या, तेव्हापासून हे चालू झालं. "ढोर आन, नहीते कान आन," बस, यापुढे कुणाचं काही ऐकून घेत नसत.

जर्मनची पहिली लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. चैत्रात जवळचं रान वाळून खडखडीत झालं, म्हणून हे गुरं आत, खोल नाल्याकडे न्यायला लागले. एक दिवस भर दुपारी गुरं उधळत गोठणीवर आली. मागून हे, पायात वहाण नाही, डोक्याला फेटा नाही. झुलाल पाटलांची तांबडी गाय वाघाने नेली होती, पहिल्याच वेताची. तिचं दूध पाटलांची म्हातारी प्यायची.

"कान?" पाटलांनी विचारलं.

यांनी मान खाली घातली.

पंच बसले. उद्याचा दिवस मावळायच्या आत कान आणला नाही तर गाय विकली असं धरणार, गुरं दुसऱ्याच्या हाती देणार आणि आम्ही गाव सोडायचं. पोरगी कमल माझ्या कडेवर होती, आणि दुसरं पोटात. जाणार कुठे आम्ही? रात्रभर हे भिंतीला टेकून बसले. "माले भ्याव वाटस वं," एवढंच म्हणत होते. मला राग आला. खरं सांगते, दया नाही आली, रागच आला.

सकाळी मी कमलला शेजारच्या ताईबाईकडे ठेवलं, कमरेला विळा खोचला आणि म्हटलं, "चला. तुम्ही नुसती वाट दाखवा. कान मी कापते."

रानात शिरलो. वाघाचं नाव रानात घेत नाहीत, आम्ही 'मोठा' म्हणायचो. हे पुढे, मी मागे. पानं इतकी वाळली होती की दर पावलाला कुणीतरी पापड मोडल्यासारखा आवाज यायचा, आणि दर आवाजाला यांचे खांदे वर व्हायचे. मी मनात हसत होते. मग हसू गेलं. कारण पाखरं बोलायची थांबली. वानरंही गप्प.

नाल्याच्या काठावर हे थांबले. समोर सालईच्या झाडावर सात-आठ गिधाडं बसली होती.

"गिधं खाले उतरेल नहीत," हे हळूच म्हणाले. "तो आठेच शे."

मेलेलं जनावर खाली पडलंय आणि गिधाडं झाडावरच बसलीत, म्हणजे खाणारा अजून जवळ आहे. मला हे कुठून कळणार? गोवऱ्या थापणारी बाई मी! मला वाटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. "तुम्हाला बसायचं तर बसा," म्हटलं आणि उतरले नाल्यात.

तांबडी करवंदीच्या जाळीखाली पडली होती. मागचा भाग नव्हताच. माशांचा नुसता घोंगावा. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. मी गुडघे टेकले, डाव्या हाताने कान धरला. थंडगार. पाटलांची खाच बोटाला लागली. विळा लावला, आणि जाळीच्या आतून कुणीतरी श्वास सोडला.

गुरगुर नाही, डरकाळी नाही. नुसता श्वास, जड, माझ्यापासून दोन हातांवर.

पुढचं सांगायला बावीस वर्षं लाज वाटली मला. मी पळाले. विळा टाकला, कान टाकला, नवरा टाकला. काठ चढताना नखं मोडली, लुगडं फाटलं, पण मागे वळून बघितलं नाही. वाटेतल्या शेंदूर लावलेल्या वाघदेवाच्या दगडापाशी येऊन पडले, तेव्हा कळलं की मागे कुणी नाही.

मग जी भीती वाटली, तेवढी त्या श्वासाचीही वाटली नव्हती. परत जावं तर पाय उठेनात. पोटातलं पोर हललं, मी दोन्ही हात पोटावर धरून बसले. देवा, त्यांचा कान मला आणायला लावू नको, असलं काहीबाही तोंडातून निघत होतं. ऊन डोक्यावरून कललं.

तेव्हा हे दिसले. उलटे चालत येत होते. तोंड नाल्याकडे, पाठ माझ्याकडे, एकेक पाऊल मागे टाकत. मोठ्याला पाठ दाखवायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. एका हातात माझा विळा, दुसऱ्या हातात कान. जवळ आले तेव्हा सगळं अंग लटलट कापत होतं आणि धोतर ओलं झालं होतं.

कान माझ्या हातात दिला. म्हणाले, "तूच दे पंचसले. मी आसा कसा जाऊ?"

मी गेले. पाटलांनी खाच बघितली, कपाळाला हात लावला. माझं फाटलेलं लुगडं, हातावरचं रक्त बघून म्हणाले, "वाघीन शे ही, वाघीन!" सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. एवढासा शब्द, नाही निघाला तोंडातून.

त्या दिवसापासून मी वाघीण. नव्या सुना माझ्या पाया पडायच्या. हे बायकोच्या पदराआड लपणारे. पोरंटोरं यांच्यामागे म्याव म्याव करायची. आणि ऐका, मीही करायची! लोकांपुढे म्हणायची, "आमच्या घरात धोतर मी नेसते." खोटं इतकं बोलले की मलाच खरं वाटायला लागलं. यांनी एका शब्दाने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी हाळी दिली आणि त्याच रानात गुरं घेऊन गेले. पुढची बावीस वर्षं रोज गेले. भिणारा माणूस रोज जातो म्हणजे काय, हे मला कधी सुचलंच नाही.

यंदा पौषात अंथरुणाला खिळले. कमल माहेरी आली होती, ती पाणी आणायला गेली तेव्हा मी त्यांचे पाय दाबत विचारलं, "एवढी वर्षं का नाही सांगितलं? माझं थोबाड तरी बंद केलं असतं."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "तू बी भ्यास, हाई जर मी मनमा धरतू, ते दुसरा दिन रानमा कसा जातू वं?"

तूही भितेस असं मी मनात धरलं असतं, तर रानात गेलो कसा असतो. एवढंच. मी पाय दाबत राहिले.

खांदा द्यायला गाव आलं. झुलाल पाटलांचा मुलगा म्हणाला, "वाघिणीचा माणूस गेला." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही, भ्याले मी. आज सांगते आहे. कान त्यांनी आणला. पळाले ती मी.