बारा फुटांची पट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वसुधालाही नाही, आणि आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली.

ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात पूर्वी आगबोटी बांधणारी एक कंपनी होती. आता तिथे पार्किंग आहे. गावातल्या काही मंडळींनी तिचा इतिहास लिहायला घेतला. आकडे जमतात म्हणून मलाही बोलावलं — ज्याचं नावसुद्धा कुणाला धड उच्चारता येत नव्हतं, अशा नव्या माणसाला. बोलावणं घेऊन आला वॉल्टर. पंचाहत्तरीचा, त्याचे आजोबा त्या कंपनीत सुतार. दर शनिवारी शेजारी बसवून बोट कशी बांधत ते मला शिकवायचा. या गावात मला पहिली खुर्ची त्याने दिली.

ते सुतार कागदावर फारसं काढत नसत. लाकडाची एक लांब पट्टी असे, तिच्यावर खाचा — सांगाड्याची कुठली फासळी कुठे बसवायची, त्याच्या. बोट पाण्यात उतरली की पट्टी चुलीत. आजोबांनी एकच घरी नेली होती. ती वॉल्टरने पिकअपमधून माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवली, मोजायला.

मी मोजली. एकेचाळीस खाचा, इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत. परत द्यायची वेळ आली तर माझ्या गाडीत मावेना. "अरे, वॉल्टरला फोन कर ना, येईल तो पिकअप घेऊन," असं म्हणून वसुधा कामावर गेली. एक फोन — का नाही केला? मला वाटलं, आकडे तर उतरवून झाले. आता लाकडाचं काय काम? करवत घेतली आणि मधोमध कापली.

कापल्यावर पाहिलं. एक खाच भुशात गेली होती.

आणि मग — खरी गोष्ट ही आहे — मी पटाशी घेतली आणि ती सरळ टोकं ओरबाडून खडबडीत केली. तुटल्यासारखी दिसावीत म्हणून.

वॉल्टरने तुकडे हातात घेतले. टोकावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "चूक माझी. इतकी वर्षं हीटरजवळ ठेवली. वाळली असणार."

मी होकारार्थी मान हलवली.

सुताराचा नातू तो — त्याला कळलं नसेल? मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी तो नेहमीसारखा आला, मक्याची कणसं घेऊन. आठ वर्षं येत राहिला. आमच्या मुलीच्या ग्रॅज्युएशनला आमच्यापेक्षा मोठ्याने टाळ्या त्याच्या होत्या. परक्या गावात एखाद्याला इतकं मिळतं? मला मिळालं.

वॉल्टर गेल्या हिवाळ्यात गेला. ते तुकडे वाचनालयात काचेखाली आहेत. शेजारच्या कार्डावर लिहिलंय, 'लाकूड वाळल्यामुळे तुटलेली.' ते मीच टाइप केलं होतं.

आज दुसरं कार्ड टाइप केलं. 'ही पट्टी तुटलेली नाही. मोजायला नेणाऱ्याने कापली.' शनिवारी बदलून येईन. खाली माझं पूर्ण नाव आहे — वॉल्टरने पहिल्याच दिवशी तीनदा विचारून नीट म्हणायला शिकून घेतलेलं.