शिवेवर ठेवलेली आक्का

“म्हशीला कुणी डोलीत घालतंय व्हय रं?” इनामदार म्हणाला. ओसरीवरची सगळी हसली.

म्हैस म्हणजे माझी आक्का. इनामदाराच्या बंगल्यामागच्या आमच्या वस्तीत कळा देत पडलेली. मूल आडवं. सुईणीनं हात टेकले. निपाणीच्या डॉक्टरशिवाय सुटका नाही म्हणाली. मी मागितलेली डोली बंगल्याच्या ओसरीलाच टेकलेली. दांडा आमच्याच खांद्यांनी गुळगुळीत झालेला.

आमची डोंगरावरची बारकी वस्ती आणि खालची गावं, सगळी इनामदाराच्या वेठीला. त्याची डोली प्रत्येक गावानं आपल्या शिवेपर्यंत न्यायची. तिथनं पुढच्या गावानं खांदा द्यायचा.

आम्ही आक्काला घोंगड्याच्या झोळीत घातलं. पुढं आक्काचा नवरा दाजी, मागं मी. उतरण संपून शिवेवर आलो. आम्हाला बघून खालच्या गावची माणसं जमली. रोज डोली धरणारी. ओळखीची.

“हात लावा रं,” दाजी म्हणाला.

त्यांच्यातला म्हातारा आप्पा मान खाली घालून म्हणाला, “हुकूम न्हाय, बाबा. उद्या आमची घरं उठवतील.”

दम घ्यायला झोळी खाली ठेवली.

“आलं का रं निपाणी?” आक्कानं विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो.

ती तिथंच गेली. पोटातल्या लेकरासकट. अजून कुठं माणसं गप्प उभी दिसली की ती मला तेच विचारते. दिवसाढवळ्या.

सुतक फिटायच्या आत इनामदाराचा माणूस दारात. डोली धरली. धरली, कारण लहानपणापासून तेवढंच शिकलो होतो. पण शिवेवर, आक्का गेली त्या जागेवर, पाऊल पुढं पडेना. मी डोली टेकवली.

“उचल की रं! मेलास काय?” इनामदार आतनं ओरडला.

“न्हाय उचलत. पाय हायत न्हवं तुमास्नी? चाला.”

छडी तोंडावर बसली. दाजीनंही दांडा सोडला. इनामदार खालच्या माणसांवर ओरडला. आप्पा रडत मागं सरला. त्याच्या मागं सगळी सरली. इनामदार शिव्या देत चालत गेला.

वेठ संपली? न्हाय. आम्हाला चावडीत कोंडलं. दाजीचं खोपट पाडलं.

आता मी वेठीविरुद्ध गावोगाव सभा घेतो. लोक स्वराज्याचं विचारतात. मी आधी विचारतो, तुमच्या शिवेवर कुणाची बाई कळा देत आली, तर कुणाच्या तोंडाकडं बघाल? इनामदाराला खांदा द्यायचा नाही, आणि आपल्या माणसाला देताना कुणाचा हुकूम मागायचा नाही. एवढं कबूल करून घेतल्याशिवाय मी त्या गावचं पाणी पीत नाही.