सेमिस्टरवाली सिस्टर

१७ मे. वरची खोली रिकामी झाली म्हणून कूलर खाली काढला. जाळ्यांतलं जुनं गवत उपसून टाकलं, टाकी घासली, आता जाळ्या गच्चीवर वाळत घातल्या आहेत. सोलापूरच्या मे महिन्यात त्या अर्ध्या तासात वाळतील. तेवढ्यात सिस्टरबद्दल लिहून ठेवते. ती काल तिच्या देशाला परत गेली. नंतर ती आठवणार नाही असं नाही, पण नंतर वेळ मिळणार नाही.

सिस्टरने पाणी मागितलं की ऐकणारा घाबरायचा. 'पाणी' हा शब्द ती शेजारच्या घराला आग लागल्यासारखा उच्चारायची. एकदा तिला हॉटेलात डोसा खायला नेलं. तिने पाणी मागितलं, तर वेटर आधी मागच्या मोरीकडे धावला, नळ उघडा राहिला की काय ते बघायला. दोष तिचा नव्हता. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते आलं की मी जिन्यात उभी राहून सगळ्या घराला तो शब्द ऐकवते. तिने तो तिथेच उचलला, आवाजासकट.

ती व्हिएतनामची. हनोईच्या बाजूच्या एका विद्यापीठातून कापडाचं काम शिकायला एका सेमिस्टरपुरती इकडे आली होती. इथल्या कॉलेजने मला एक फॉर्म दिला होता, त्यावर आमचा उल्लेख 'भाषा-कुटुंब' असा होता. म्हणजे राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि मराठी. शेवटी बाहेरगावचे परीक्षक येऊन वीस मिनिटं तोंडी परीक्षा घेणार होते. त्यात नापास झाली तर सगळं सेमिस्टर रद्द, मग ती मागावर कितीही चांगलं विणो. परत गेल्यावर तेवढे महिने पुन्हा काढायचे आणि वर्गातल्या मैत्रिणी पुढे निघून गेल्यावर एकटीने पदवी घ्यायची. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं. मी फॉर्मवर सही केली. मी ब्लाऊज शिवते, गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलते. मराठी शिकवायला आणखी काय लागतं, असं मला वाटलं.

'सिस्टर' हे नाव गल्लीने दिलं. ही कोण, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, सेमिस्टरसाठी आलीय. भवानी पेठेत सेमिस्टरला फार कोणी ओळखत नाही, सिस्टरला सगळे ओळखतात. तिसऱ्या दिवशी समोरच्या रखमाबाई बाही वर करूनच दारात आल्या. "सिस्टर, बीपी बघा की जरा. सकाळधरनं गरगरतंय लई." तिला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिने रखमाबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान लववून हसली. रखमाबाईंना बरं वाटलं. पुढे त्या दर गुरुवारी बरं वाटून घ्यायला येऊ लागल्या. मी एकदा खरं काय ते सांगून टाकलं, तर म्हणाल्या, "आसू दे की. खऱ्या सिस्टर कुटं हात धरत्यात?"

तिचं खरं नाव लान. मी जिन्याखालून हाक मारली की ती तोंडावर हात ठेवून हसत खाली यायची. दोन महिन्यांनी कारण कळलं. त्यांच्या भाषेत शब्दाला चाल असते आणि चाल बदलली की अर्थ बदलतो. आवाज सपाट ठेवून म्हटलं तर लान म्हणजे एक फूल. माझ्यासारखा आवाज खाली उतरवत म्हटलं तर बाजारात न्यायची टोपली. म्हणजे दोन महिने मी 'टोपली, जेवायला ये' असं ओरडत होते का, मी विचारलं.

"हो काकू," ती म्हणाली. "पण मी येते की."

पुढचा सगळा घोटाळा यातून झाला. तिला वाटलं, मराठीतही प्रत्येक शब्दाला ठरलेली चाल आहे. त्यामुळे वहीत शब्द लिहिला की ती त्याच्यावर बाण काढायची. वर, खाली, वर जाऊन खाली. 'दूध' हा शब्द तिने मी दूधवाल्याला जाब विचारताना ऐकला होता, म्हणून तिच्या तोंडचं दूध कायम पाणी घातलेलं असायचं. 'अहो' तिने मी नवऱ्याला बोलावताना ऐकलं होतं. कॉलेजात ती "अहो सर" म्हणाली की सर न केलेली चूक कबूल करायच्या बेतात येत. 'बरं' तिच्या तोंडी कधीच बरं नसायचं.

जेवणाचा प्रकार आणखी वेगळा. पहिले दोन-अडीच महिने सिस्टर आमच्याकडे अफाट जेवली. दोन भाकरी झाल्या की म्हणायची, "चालु काकू, चालु." मी तिसरी वाढायचे. ती डोळे मिटून ती संपवायची आणि जरा कळवळून पुन्हा तेच म्हणायची. जेवण चालू आहे असं पोरगी स्वतः सांगतेय, तर मी का थांबू? शेवटी एका दुपारी चौथ्या भाकरीला तिने ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि रडकुंडीला येऊन "चालु" म्हणाली. शेजारच्या अम्मा तेव्हा दारात उभ्या होत्या. त्या तेलुगू, त्यांच्या घरी माग आहे, सिस्टर रोज तिथे विणकाम बघायला जायची. अम्मांना हसू आवरेना. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे. तो शब्द त्यांनीच शिकवला होता. मी पंचवीस वर्षं या पेठेत आहे, तेलुगूतलं 'चालु' मलाही कळतं. पण व्हिएतनामची मुलगी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या भाकरीसमोर, पोट भरल्याचं तेलुगूत सांगेल हे मला कसं सुचावं?

त्या दिवशी तिची वही मागून घेतली. परीक्षेला पंधरा दिवस होते. पहिल्या पानावर सुबक अक्षरात 'मराठी' लिहिलेलं. आत अम्मांचं 'चालु' होतं, कॉलेजच्या रिक्षावाल्या चाचांचं दखनी 'नक्को' आणि 'हौ' होतं, कॅन्टीनमधल्या दुधनी गावच्या बाईंचं कानडी 'साकु', म्हणजे पुन्हा पुरेच, होतं, रखमाबाईंचं 'न्हाय' होतं. सगळ्यांवर बाण. मी तिला समोर बसवून सांगितलं की ही एक भाषा नाही, चार आहेत. तिने वही उलटसुलट करून पाहिली.

"पण काकू, सगळ्यांना कळतं."

कळतं, हे खरंच होतं. म्हणून तर आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, परीक्षक बाहेरगावचे आहेत, त्यांना नाही कळायचं. तिचा चेहरा उतरला. त्या दिवशी तिने रात्रीची भाकरी घेतली नाही, आणि घेत नाही हे कुठल्याच भाषेत सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत शब्द वेगळे केले. लाल पेन्सिलीने तेलुगू, निळीने कानडी, चाचांचे कंसात. पोरगी हुशार, चटकन उरकलं. चाल मात्र जाईना. मी म्हटलं, पाणी हळू म्हण. ती म्हणाली, "हळू पाणी म्हणजे दुसरं पाणी?" मी म्हटलं, नाही, तेच, मी म्हणून दाखवते. आणि मला ते म्हणून दाखवता येईना. माझा आवाज करकंब गावात, माहेरच्या उसाच्या फडात तयार झालेला. तिथे बांधाच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला बोलवायचं असतं. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा माझा नवरा बादली घेऊन बाहेर आला.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजात दाराबाहेरच्या बाकावर बसले. शिपायाने आत चहा नेऊन दिला आणि दार अर्धवट लोटलं. परीक्षकांनी सोलापूर कसं वाटलं, असं विचारलं. ऊन लई, माणसं बरी, असं काहीतरी ती म्हणाली. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. ते त्यावर बोलले, मग बोटाने काहीबाही वर-खाली सरकवत बसले. वीस मिनिटांतली सहा-सात अशीच गेली. आणि मग आतून माझा आवाज आला.

"अहो सर, तो मोबाईल कुठं पळून चाललाय का? ठेवा की बाजूला. चहा थंड होतोय, पुन्हा करून मिळायचा न्हाय."

बाकाच्या टोकाला बसलेला शिपाई उठून उभा राहिला. आत मोबाईल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग कपबशीचा. पंचवीस वर्षं हा आवाज मी काढत आले, दाराबाहेर बसून ऐकायची वेळ पहिलीच. ही बाई कोण आणि सारखी एवढी का कावलेली असते, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, पण म्हणतेय ते बरोबर आहे. चहा थंड होत होता.

परीक्षकांनी चहा संपवला आणि अगदी सभ्य आवाजात विचारलं, मराठी कुठे शिकलात?

"घरी. काकूंकडे. त्या बाहेर बसल्यात," सिस्टर म्हणाली. "त्यांना आत बोलवू नका सर. मग मला बोलायला मिळणार न्हाय."

कागद तासाभराने हातात आला. व्याकरण कच्चे. उच्चार समाधानकारक. संभाषण उत्तम, मात्र परीक्षकास बोलण्याची संधी कमी. खाली 'उत्तीर्ण'. तो शब्द तिला येत नव्हता, म्हणून मी "पास" म्हणून सांगितलं. कॉलेजच्या त्या लांब व्हरांड्यात ते जरा मोठ्याने झालं असावं, कारण शिपाई पुन्हा उठला. सिस्टरने वही काढून शब्द लिहिला आणि त्यावर बाण काढला, सरळ वर.

काल तिला मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. घरून निघताना मी सांगायच्या गोष्टी मनात लावून घेतल्या होत्या. पण ती खिडकीत बसली आणि त्या सगळ्या तिनेच मला सांगायला सुरुवात केली. पाकीट सांभाळा, कोणाचं काही खाऊ नका, दारात उभं राहू नका, पोचल्यावर फोन करा. मी फलाटावर होते, मला कुठेच पोचायचं नव्हतं. आजूबाजूचे लोक तिच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे, कोण कोणाला सोडायला आलंय ते कळेना. मी बरं, बरं म्हणत राहिले. गाडी हलली तेव्हा मला सांगायला काहीही शिल्लक नव्हतं.

१८ मे. सकाळी खोलीची जुनी पाटी पुसून नव्याने रंगवली. खोली भाड्याने देणे आहे. फक्त मुलींसाठी. जेवणासह. खाली जागा उरली होती. नवऱ्याने चहा पिता पिता विचारलं, आता आणखी काय लिहितीस? मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि लिहिलं, 'मराठी शिकवून मिळेल.' रंग वाळायची वाट न बघता पाटी फाटकाला अडकवली.