छातीच्या फोटोतला डाग

अजून तो माणूस आठवला की माझं डोकं फिरतं, खरंच सांगते.

मी नुकती सातवीची फायनल परीक्षा पास झाले होते. जामसंड्याच्या शाळेत मास्तरणीची जागाही ठरली होती. क्षय नाही असा दाखला तेवढा बाकी होता, आणि छातीचे फोटो काढणारी सरकारी गाडी देवगडात आली होती.

निघताना आईने बजावलं, "परक्या पुरुषासमोर उभी ऱ्हवचा आसा. वेणी फुडे घे गो, छाती झाकान ऱ्हवांदे." खोबरेल चोपडलेली माझी जाडजूड वेणी! ती खांद्यावरून पुढे घेतली, पदराखाली दडवली आणि यंत्राला चिकटून उभी राहिले.

आठवड्याने देवगडच्या सरकारी डॉक्टरांनी बोलावलं. फोटोत वरच्या बाजूला एका डागाभोवती पेन्सिलीने गोल केलेला.

"शेकडो फोटो पाहिलेत मी. साधी छाती कशी दिसते ते डोळ्यांत बसलंय. हा भाग त्यात बसत नाही. क्षय आहे."

झालं! खोकला नाही, ताप नाही, पण शाळेने कळवलं, येऊ नका. घरी आई म्हणाली, "तुझो कप वेगळो ठेवलंय हां." पोटच्या पोरीचा कप! केरसुणीच्या शेजारी, मागच्या पडवीत.

मामा मला कोल्हापूरला घेऊन गेला. तिथल्या नर्सबाई फोटोआधीच म्हणाल्या, "वेणी डोक्यावर बांधा. केसांचीसुद्धा सावली पडते." नवा फोटो आला, डाग कुठेच नव्हता.

दोन्ही फोटो घेऊन मी देवगडच्या त्या डॉक्टरांपुढे उभी राहिले आणि वेणीचं सांगितलं.

"वेणी पुढे होती हे सांगायचं नाही का?" उलट मलाच!

"तुम्ही विचारायचं नाही का? ते शेकडो फोटो कोणाचे होते?"

"पोलीस, खलाशी... असे."

"आणि बायका?"

त्यांनी दाखल्याचा कागद पुढे ओढला. अहो, पोलिसाला वेणी असते का? पुरुषांच्या छात्या बघून साधं काय ते ठरवायचं, आणि त्यात बसली नाही म्हणून बाईला रोगी ठरवून मोकळं व्हायचं!

दाखला दिला त्यांनी. पण शाळेत तोवर दुसरी बाई लागली होती.

घरी आई माझा कप चुलीतल्या राखेने घासायला बसली. "आता सगळ्यांच्यात ठेवतंय, बाय."

मी तिच्या हातातून कप ओढून घेतला आणि अंगणातल्या दगडावर आपटला.