सरकवलेला दगड

छत्तिशी गाठली तरी फर्गल मॅकटिअरनन काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या संघाची, जर्सी सोडेना, तेव्हा क्लूनकॅरातले लोक म्हणायला लागले, "ह्याला आता शवपेटीत घालूनच मैदानाबाहेर काढावं लागणार." असं म्हणणारे तेच, आणि त्याने चेंडू गोलखांबांच्या दांडीवरून घालून गुण मिळवला की गाड्यांचे भोंगे वाजवणारेही तेच. आमचं गाव असंच आहे, एका तोंडाने दोन्ही बोलतं. आमच्या या आयरिश फुटबॉलमध्ये पैसा नाही. जिथं जन्मलात तिथल्याच काउंटीसाठी खेळायचं, आठवडाभर गाईंच्या धारा काढायच्या आणि रविवारी हाडं मोडून घ्यायची.

फर्गलची ख्याती होती ती लांबच्या फ्री-किकची. जमिनीवर ठेवलेला चेंडू तो इतक्या लांबून दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून घालायचा की प्रतिस्पर्ध्यांचे बचावपटू त्याला ढकलायलाही घाबरायचे. ही कला तो घरीच शिकला होता. गोठ्यामागच्या कुरणात त्याच्या बापाने, ह्यूईने, लाकडाचे दोन खांब रोवले होते आणि लांबवर एक पांढरा रंगवलेला दगड ठेवला होता. पोरगं दगडाजवळून मारायचं, बाप खांबांमागे उभा राहून चेंडू परत द्यायचा. पोराचा बाप्या झाला, त्याची आई गेली, पण बाप काही तिथून हलला नाही. संध्याकाळी चहा झाला की म्हातारा रबरी बूट चढवून खांबांमागे हजर. बायको गेल्यावर त्याला दुसरं उरलंच काय होतं?

गेल्या हिवाळ्यात फर्गलचा गुडघा सुजला. काउंटीच्या प्रशिक्षकाने, डेक्लनने, सांगितलं, "तू गुडघा सांभाळ. सरावात फ्री-किक कॅहल मारेल." कॅहल विशीतला. फर्गल वरवर हसला, पण बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. मग तो रोज घरच्या कुरणातच मारत राहिला. नाताळच्या सुमाराला चेंडू दांडीच्या अलीकडेच पडायला लागले. घरात येऊन तो ताटाकडे बघायचाही नाही, बटाटे तसेच गार व्हायचे. ह्यूई ते ताट उचलून ठेवायचा.

वसंतात मात्र पायात जोर परत आला. एकामागून एक चेंडू दांडीवरून जायला लागले. "गेला!" म्हातारा पलीकडून ओरडायचा. "म्हातारा झाला म्हणतात काय माझ्या पोराला!" फर्गल पुन्हा पोटभर जेवायला लागला.

त्याच उन्हाळ्यात आमची काउंटी प्रांताच्या अंतिम सामन्यात पोचली. आमच्या पिढीने हे बापजन्मी पाहिलं नव्हतं. शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो, कॅहल खांदा धरून बाहेर गेला होता, आणि लांबवर फ्री-किक मिळाली. चेंडू दांडीवरून गेला तर बरोबरी होती.

"जवळच दे, आपण पुढं नेऊ," एक गडी म्हणाला.

"अंतर जास्त आहे रे, छोटाच पास दे," डेक्लन बाहेरून ओरडला.

"घरी रोज मारतो मी इतक्या लांबून," फर्गल म्हणाला. "सोडा माझ्यावर."

चेंडू सरळ गेला. केसभरही इकडेतिकडे झाला नाही. आणि दांडीच्या खाली, गोलरक्षकाच्या हातात अलगद पडला. शिट्टी वाजली.

दुसऱ्या दिवशी फर्गल कुरणात गेला. दगडाजवळ चेंडू ठेवून मारला, तो आरामात वरून गेला. दुसरा मारला, तोही गेला. तिसरा त्याने मारलाच नाही. तो दगडापासून मागे मागे चालत गेला. लहानपणापासून जिथं पाय रोवून जमीन बोडकी झाली होती, ती जागा त्याला सापडली. तिच्यावर आता कोवळं गवत आलं होतं. दगड कितीतरी पुढे होता.

ह्यूई फाटकाशी उभा होता. पोराला मागे मागे जाताना त्याने पाहिलं होतं.

"कधी सरकवलात, डॅडी?"

"नाताळानंतर थोडा. मग पुन्हा थोडा." म्हाताऱ्याची नजर वर होईना. "तू जेवत नव्हतास रे. मला वाटलं, मैदानात मारायला तो कॅहल आहे. तुला कोण सांगतंय मारायला? निदान घरी तरी तुला बरं वाटावं."

फर्गलला संताप आला आणि त्याच क्षणी बापाची दयाही आली. त्याने चेंडू काखेत मारला.

"मी डेक्लनला सांगतो," ह्यूई म्हणाला. "सगळ्यांनाच सांगतो. चूक माझी आहे."

"अजिबात नाही. हट्टी म्हणतील ते मला म्हणतील. तुम्हाला कोणी शब्द बोललेला मला चालणार नाही. तुम्ही तोंड उघडायचं नाही, बस."

त्या आठवड्यात फर्गलने कळवलं की गुडघ्यामुळे तो काउंटीच्या संघातून निवृत्त होतोय. कोणी फार आग्रह केला नाही. हेही त्याला कळलं.

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात नेहमीसारखी माणसं घोळक्याने उभी होती. जॉन-जो गिलरॉय, उभ्या जन्मात चेंडूला पाय न लावलेला माणूस, मोठ्याने म्हणाला, "गुडघ्याचं आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं, लेका. पण मोठेपणाची हौस भारी वाईट."

दोघेतिघे हसले. ह्यूईने हातातली टोपी डोक्यावर घातली. तो एक पाऊल पुढे झाला, त्याचं तोंड उघडलं. फर्गलने त्याचं कोपर घट्ट धरलं.

"खरंय तुमचं, जॉन-जो," फर्गल म्हणाला, आणि बापाला गाडीकडे घेऊन गेला.

दोघे गाडीत बसले. ह्यूईचे डोळे वाहत होते आणि तो ते पुसत नव्हता.

"जाऊ द्या, डॅडी. आठवडाभरात विसरतील. तुम्हाला तर कोणी काही म्हणालं नाही ना?"

"नाही म्हणालं. आणि आता कोणी म्हणणारही नाही. मरेपर्यंत हे मी एकट्यानेच चघळायचं." म्हातारा समोरच्या काचेकडे बघत होता. "मला वाचवलंस असं वाटतंय तुला. दगड सरकवताना मलाही तसंच वाटलं होतं रे."